गावाचं ग्रंथालय गावानेच काढायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

ग्रंथालयांचं अनुदान रखडलं, ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी मोर्चा काढला, नव्या ग्रंथालयांना मान्यता कधी मिळणार अशी विचारणा झाली. मराठी वृत्तपत्रांत या बातम्या दर वर्षा-दोन वर्षांनी येतात आणि वाचणाऱ्याला कोड्यात टाकतात. ग्रंथालय सरकारी असेल तर त्याला 'अनुदान' कशाला? खासगी असेल तर सरकारने पैसे का द्यायचे? आणि आपल्या गावात, वाडीत, उपनगरातल्या वसाहतीत ग्रंथालय नसेल तर ते मागायचं कुणाकडे?

कुणाकडेच मागायचं नाही, आपणच काढायचं, असं महाराष्ट्रातलं उत्तर आहे. ते काढतात कसं, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

सरकारी नाही आणि खासगीही नाही

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे लोकांनी स्थापन केलेली, लोकांनी निवडलेल्या कार्यकारी मंडळाने चालवलेली नोंदणीकृत संस्था. तिची मालकी कुणा एकाची नसते, तिचा नफा कुणी वाटून घेत नाही आणि तिचं दार सगळ्यांना उघडं असतं. अटी पूर्ण केल्या की सरकार तिला मान्यता देतं आणि दरवर्षी खर्चाचा काही भाग उचलतं. या पैशाला 'परिरक्षण अनुदान' म्हणतात. परिरक्षण म्हणजे चालू ठेवण्याचा खर्च: पगार, पुस्तकं, वृत्तपत्रं, वीजबिल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ आणि त्याखालचे १९७० चे नियम यांवर ही सगळी व्यवस्था उभी आहे. कारभार मुंबईतलं ग्रंथालय संचालनालय पाहतं. आपला संबंध मात्र येतो तो जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याशी.

ही रीत कायद्याच्या फार आधीपासूनची आहे. रत्नागिरीत १८२८ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली, तेच आजचं जिल्हा नगर वाचनालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये. तेव्हा कायदा नव्हता, अनुदान नव्हतं. शहरातली काही माणसं एकत्र आली, वर्गणी काढली आणि पुस्तकं गोळा केली. पुढे कायदा आला तेव्हा त्याने ही लोकांची रीत मोडली नाही, तिलाच आधार दिला.

आज राज्यात शासनमान्य ग्रंथालयं ११ ते १२ हजारांच्या घरात आहेत. ग्रामपंचायती मात्र सुमारे २८ हजार. शहरातली ग्रंथालयं वजा केली तर निम्म्याहून अधिक ग्रामपंचायतींत मान्यताप्राप्त ग्रंथालय नाही, हे सरळ दिसतं. ही फार मोठी पोकळी आहे आणि ती मला अस्वस्थ करते.

पहिली सभा, सात माणसं आणि एक घटना

सुरुवात पुस्तकांपासून करू नये, माणसांपासून करावी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात. हे सात जण निवडणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत नाजूक काम. एकाच घरातले, एकाच आळीतले किंवा एकाच पक्षाचे सात जण सहज मिळतात आणि ग्रंथालयाचं भवितव्य तिथेच ठरून जातं. निवृत्त शिक्षक आणि बँकेतले साहेब हवेतच. पण गावातली आशा सेविका, बचत गटाची अध्यक्ष, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एखादा मुलगा, प्रत्येक वस्तीतलं एक तरी माणूस असं मंडळ जमलं तर लोक ग्रंथालयाला आपलं म्हणतात.

मग संस्थेची घटना लिहायची. घटना म्हणजे नाव, पत्ता, उद्देश आणि कारभाराचे नियम. सभासद कोण होऊ शकतो, कार्यकारी मंडळ किती वर्षांचं, निवडणूक कशी, खात्यावर सह्या कुणाच्या, संस्था बंद पडली तर पुस्तकं कुणाला जाणार, हे सगळं तिच्यात स्पष्ट असावं. दुसऱ्या संस्थेची घटना आणून फक्त नाव बदलायचा मोह होतो, तो टाळावा. विशेषतः 'संस्थापक सदस्य तहहयात विश्वस्त राहतील' असलं कलम कुठून चिकटून येत नाही ना, ते पाहावं. सार्वजनिक संस्थेचं घरगुती दुकान होतं ते याच वाटेने.

कागदपत्रं घेऊन जायचं ते जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात. तिथे दोन नोंदणी होतात: संस्था म्हणून १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली. ओळखपत्रं, पहिल्या सभेचा ठराव आणि जागामालकाचं नाहरकत पत्र सोबत लागतं. प्रमाणपत्र हातात आलं की पॅन कार्ड काढायचं आणि संस्थेच्या नावाने, दोघांच्या सह्यांनी चालणारं बँक खातं उघडायचं. त्याआधी जमवलेली वर्गणी कुणाच्या खासगी खात्यात ठेवू नये, एक महिनासुद्धा.

जागा: मोठी नको, वाटेवरची हवी

इमारतीची स्वप्नं पाहण्यात अनेक ग्रंथालयं जन्माआधीच दमतात. एक खोली पुरते. ती तळमजल्यावर असावी, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना चढावं लागत नाही. येण्याजाण्याच्या रस्त्यावर असावी, म्हणजे मुली आणि बायका कुणी काय म्हणेल याचा विचार न करता आत येतात. एका समाजाच्या मंदिरात किंवा मंगल कार्यालयात फुकट जागा मिळत असेल तरी दोनदा विचार करावा. तिथे ज्यांची पावलं आजवर पडली नाहीत, त्यांची पुस्तकासाठीही पडणार नाहीत.

ग्रामपंचायतीची जागा मिळत असेल तर फार चांगलं. गावात वाचनालय असणं हे ग्रामपंचायतीच्या कामांच्या सूचीत बसतंच. पण सरपंचांच्या तोंडी शब्दावर आत शिरू नये. ग्रामसभेचा ठराव, लेखी करार आणि मुदत, तिन्ही हातात हवं. सरपंच बदलले की तोंडी शब्द बदलतो.

पुस्तकं: काय घ्यायचं, काय नाकारायचं

'पुस्तकं दान करा' असं आवाहन केलं की आठवड्यात खोली भरते. आणि मग कळतं की आलेत ते कालबाह्य झालेले गाईड, मुखपृष्ठ नसलेले मासिकांचे अंक, कुणाच्या तरी सत्कार समारंभाच्या गौरविकांच्या पन्नास प्रती आणि वाळवी लागलेले ग्रंथ. घर आवरताना जे टाकवत नाही ते लोक ग्रंथालयाला देतात. भावना चांगलीच असते, पण त्या ढिगाऱ्यात नवा वाचक एकदा येतो आणि परत फिरकत नाही. म्हणून देणगीच्या पावतीवर पहिल्या दिवसापासून एक ओळ छापावी: 'आलेल्या पुस्तकांतून निवड करण्याचा व उरलेल्यांची विल्हेवाट लावण्याचा अधिकार संस्थेकडे राहील.' नंतर नाही म्हणणं फार जड जातं.

पहिल्या खरेदीत निदान एक तृतीयांश पैसा मुलांच्या पुस्तकांवर खर्चावा, असं माझं ठाम मत आहे. मूल आलं की त्याला सोडायला आई येते, आजोबा येतात. चित्रांची, मोठ्या टाइपाची, पातळ पुस्तकं घ्यावीत. ती लवकर फाटतात. फाटू द्यावीत, ती वाचली गेल्याची खूण आहे. उरलेल्या पैशात कथा-कादंबऱ्या, चरित्रं, शेती, आरोग्य, कायद्याची साधी माहिती आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. टेबलावर एक मागणी वही ठेवावी. वाचकाने हवं ते पुस्तक तिच्यात लिहायचं आणि दर खरेदीच्या वेळी ती वही समोर घेऊनच यादी करायची. कोपऱ्यावरच्या विक्रेत्याने सवलतीत देऊ केलेला गठ्ठा घेण्यापेक्षा मागणी वहीतली दहा पुस्तकं पूर्ण किमतीला घेतलेली बरी.

आता दाखल नोंदवही. ग्रंथालयाच्या जगात याहून महत्त्वाचा कागद नाही. प्रत्येक पुस्तकाला आल्या क्रमाने एक नंबर मिळतो, त्याला दाखलांक म्हणतात. नोंदवहीच्या एका ओळीत दाखलांक, तारीख, लेखक, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, प्रकाशनाचं वर्ष, पानं, किंमत, कुठून आलं, बिलाचा किंवा देणगी पावतीचा क्रमांक आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शाईने लिहायचं, खाडाखोड करायची नाही. पुस्तक हरवलं तरी ओळ खोडायची नाही. शेऱ्यात 'गहाळ, किंमत वसूल' असं लिहून सही करायची आणि तो दाखलांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. मग पुस्तकावर शिक्का. पहिला नावाच्या पानावर आणि दुसरा आतल्या एका ठरलेल्या पानावर, समजा एकविसाव्या. सगळ्या पुस्तकांत तेच पान. नावाचं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते एकविसाव्या पानावर सापडतं. तपासणीला येणारा अधिकारी आधी ही नोंदवही उघडतो आणि कपाटातली चार पुस्तकं काढून तिच्याशी ताडून पाहतो.

संगणकावर नोंदी ठेवायला हरकत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली ग्रंथालयांसाठीच बनवलेली आहे. पण पाचशे पुस्तकांच्या ग्रंथालयाने संगणकाची वाट पाहत बसू नये. वर्गीकरणाचंही तसंच. दशांश वर्गीकरण म्हणजे विषयाला आकड्यांत बांधून पुस्तकं लावण्याची जगभर रुळलेली पद्धत. सुरुवातीला मुख्य विषयांचे गट पुरतात आणि कथा-कादंबऱ्या लेखकाच्या नावाने लावल्या की काम भागतं.

पुस्तकं ठेवायची कशात? कुलपाच्या कपाटात नाही, लोखंडी घोड्यांवर. घोडे म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी असलेली उभी मांडणी. वाचक आत जातो, पुस्तक काढतो, चाळतो आणि नको असेल तर ठेवून देतो. याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिलाच सिद्धांत सांगतो की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. काचेआड, कुलपात, यादीत बोट दाखवून मागायची पुस्तकं या पहिल्याच पायरीला अडखळतात. मुक्तद्वारात थोडी पुस्तकं चोरीला जातील, हे धरून चालावं. घोडे भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावेत, म्हणजे ओल आणि वाळवी भिंतीतून थेट पुस्तकांत येत नाही. कोकणात तर पावसाळ्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा हातात घेऊन झटकणं हा सेवेचाच भाग मानावा लागतो.

दार रोज कोण उघडणार?

गावची दूध डेअरी डोळ्यांसमोर आणा. पाऊस असो, लग्न असो, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ती उघडते. दुधाची नोंद होते आणि दर दहा-पंधरा दिवसांनी हिशेब होतो. ती उघडी असेल की नाही असा प्रश्न दूध घेऊन निघालेल्या माणसाच्या मनातही येत नाही. ग्रंथालयाबद्दल हा भरवसा तयार व्हायला निदान सहा महिने लागतात आणि तो घालवायला एक आठवडा पुरतो. दोनदा कुलूप दिसलं की वाचक तिसऱ्यांदा येत नाही.

म्हणून वेळ कमी ठेवली तरी चालेल, पण ती पाळावी. संध्याकाळी पाच ते आठ ठरली असेल तर गणपतीत आणि शिमग्यातही पाच ते आठ. स्वयंसेवकांच्या जोरावर हे काही महिने चालतं. मग कुणाची बदली होते, कुणाच्या परीक्षा येतात. पगारी ग्रंथपाल नसलेलं ग्रंथालय फार काळ टिकताना मी पाहिलेलं नाही. रक्कम छोटी असेल, पण ती दरमहा, ठरल्या तारखेला मिळायला हवी. बारावी झालेल्या गावातल्याच मुलीला हे काम द्यावं आणि जिल्हा ग्रंथालय संघाच्या ग्रंथालय प्रशिक्षण वर्गाला पाठवावं. वर्गीकरण, तालिकीकरण (म्हणजे पुस्तकांची शोधयादी करणं), देवघेव हे सगळं तिथे शिकवतात आणि पुढे मान्यतेसाठी तेच प्रमाणपत्र कामी येतं. देवघेव म्हणजे पुस्तक देणं-घेणं आणि त्याची नोंद. ग्रंथपालाचा बहुतेक वेळ त्यातच जातो.

पैशाचं गणित

कल्पनेतलंच एक गाव घेऊ. शंभर घरांनी महिना तीस रुपये वर्गणी दिली, तर महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार. यातून चार वृत्तपत्रं, वीजबिल, थोडी पुस्तकं आणि ग्रंथपालाला अगदी तुटपुंजं मानधन एवढं कसंबसं बसतं. म्हणजे वर्गणीवर ग्रंथालय जिवंत राहतं, वाढत नाही. वाढीसाठी तीन वाटा आहेत.

पहिली देणगीदारांची. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला आणि परदेशात गेलेली गावची माणसं देणगी देतात, पण त्यांना पावती आणि हिशेब हवा असतो. आयकर कायद्याखाली '८०-जी' या नावाने ओळखली जाणारी नोंदणी संस्थेला मिळाली तर देणगीदाराला करसवलत मिळते. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) ही याच वाटेची मोठी शाखा. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत 'सार्वजनिक ग्रंथालये स्थापन करणे' हे शब्द स्पष्ट आहेत, हे फार थोड्या संस्थांना ठाऊक असतं. मात्र एकरकमी मोठी देणगी आली की ती इमारतीत ओतायची घाई होते. तिची मुदत ठेव करून व्याजावर ग्रंथपालाचा पगार भागवणं कितीतरी शहाणपणाचं.

दुसरी वाट राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची. केंद्र सरकारची ही संस्था १९७२ पासून कोलकात्याहून चालते आणि राज्यांमार्फत ग्रंथालयांना पुस्तकं आणि इतर साहाय्य देते. हाताशी असावी अशी मदत, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये.

तिसरी वाट शासनमान्यतेची. मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा चार वर्गांत बसतात. पुस्तकं किती, सभासद किती, वृत्तपत्रं-नियतकालिकं किती, रोज किती तास उघडं, कर्मचारी प्रशिक्षित आहे का, यावर वर्ग ठरतो. नवं ग्रंथालय साधारणपणे 'ड' मध्ये येतं आणि वाढत गेलं की वर्गबदल मागतं. २०२२ मध्ये राज्य सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. त्यातला निम्मा भाग पगाराचा धरला तर वर्षाला २४ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये. बातम्यांतले मोर्चे कशासाठी निघतात, ते या एका भागाकारात कळतं. रोज तीन तास बसणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या, शिकलेल्या माणसाला असे तुटपुंजे पैसे देऊन आपण वाचनसंस्कृतीची अपेक्षा करतो, हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलायला हवं.

शिवाय अनुदान हप्त्यांनी, उशिराने आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मिळतं. उरलेला खर्च संस्थेलाच उचलावा लागतो. २०१२ मध्ये राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरच असलेली ग्रंथालयं त्यात उघडी पडली आणि त्यानंतर नव्या मान्यता बरीच वर्षं थांबल्या. त्यामुळे सध्या अर्ज घेतात का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आधी विचारावं. घेत नसले तरी मान्यतेसाठी लागणारी सगळी रजिस्टरं पहिल्या दिवसापासून ठेवावीत. मान्यता खुली होईल त्या दिवशी काही वर्षांच्या नोंदी आणि लेखापरीक्षणाचे अहवाल हाती असणारी संस्था रांगेत पुढे असते.

'आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, वाचतं कोण?'

हा आक्षेप पहिल्या सभेतच येतो, त्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मोबाईलमुळे काही वाचक खरंच गेले. संध्याकाळी फक्त बातम्या वाचायला येणारी माणसं कमी झाली. पण दुसरीकडे वाचायला बसायची जागा शोधणाऱ्या मुलांची गर्दी वाढली. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना दोन खोल्यांच्या घरात टेबल मिळत नाही. तालुक्याच्या गावी खासगी अभ्यासिका महिन्याला हजारभर रुपये घेतात. गावात शांत खोली, पंखा, दिवा आणि संदर्भाची पुस्तकं मिळाली तर ही मुलं रात्री दहापर्यंत बसतात आणि शिस्तही तीच राखतात.

इथेच एक धोका मात्र आहे. अभ्यासिकेची मागणी इतकी जोरदार असते की ती हळूहळू सगळी खोली व्यापते. घोडे कोपऱ्यात सरकतात. लहान मुलांना 'आवाज करू नका' म्हणून बाहेर काढलं जातं. म्हाताऱ्या माणसाला खुर्ची मिळत नाही. वर्षभरात ग्रंथालयाचं भाड्याचं बाकडं होतं. म्हणून दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवावी. अभ्यासिकेतल्या प्रत्येकाने महिन्यातून एक तास ग्रंथालयाचं काम करायचं, पुस्तकं लावायची, लहानांना गोष्ट वाचून दाखवायची, अशी अट घालता येते. ज्यांनी ती घातली त्यांना तिचा पस्तावा झालेला नाही.

दिवाळी अंक हे आणखी एक उत्तर. दिवाळीच्या मोसमात ग्रंथालयं वेगळी वर्गणी घेऊन अंकांची योजना चालवतात आणि एरवी न फिरकणारी कितीतरी माणसं त्या दोन-तीन महिन्यांत रांग लावतात. वाचायची इच्छा मेलेली नाही. हवं ते, परवडेल अशा किमतीत, चालत जाता येईल इतक्या अंतरावर मिळत नव्हतं, एवढंच.

'वर्गणी ठेवली तर गरिबांनी काय करायचं?'

बसून वाचणं सगळ्यांना मोफत, असा नियम पहिल्या दिवसापासून करावा. वृत्तपत्रं, मासिकं, संदर्भग्रंथ, कुणीही यावं आणि वाचावं, नावसुद्धा विचारू नये. वर्गणी आणि अनामत फक्त पुस्तक घरी नेण्यासाठी. अनामत म्हणजे सभासदत्व सोडताना परत मिळणारी रक्कम, आणि खरी अडचण तिचीच असते. महिन्याचे तीस रुपये जमतात, एकदम पाचशे जमत नाहीत. शाळेतल्या मुलांना मुख्याध्यापकांच्या चिठ्ठीवर आणि मजूर कुटुंबांना एका जुन्या सभासदाच्या हमीवर विनाअनामत पुस्तक द्यावं. यात पुस्तकं बुडतात का? थोडी बुडतात. सगळ्यांत जास्त बुडवतात ते मात्र गावातले प्रतिष्ठित. त्यांच्याकडे पुस्तक मागायला जायची कुणाची हिंमत होत नाही ना, म्हणून.

'हे सगळं सरकारनेच का करू नये?'

प्रश्न रास्त आहे. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये कायदा केला, मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि त्या पैशातून सरकारी यंत्रणेची ग्रंथालयं काढली. कर्नाटकानेही उपकर घेतला. आपल्याकडच्या मातीतही वेगळे दाखले आहेत. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये, मद्रासच्याही आधी, ग्रंथालयांचा कायदा केला होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, फिरत्या पेट्यांतून खेड्यांत पुस्तकं पाठवली. त्यांची एक रीत मला सर्वांत शहाणी वाटते. गावाने ठरावीक रक्कम जमवली की तेवढीच भर संस्थान आणि प्रांत पंचायत (म्हणजे जिल्ह्याची पंचायत) घालत. पुढाकार गावाचा, बळ राज्याचं.

सरकारी ग्रंथालयात पगार वेळेवर होतो, हा त्याचा मोठा गुण. लोकांच्या ग्रंथालयात पुस्तकं कोणती घ्यायची, वेळ कोणती ठेवायची, हे तिथल्या वाचकांना ठरवता येतं. महाराष्ट्राने दुसरी वाट निवडली, उपकर मात्र बसवला नाही. त्यामुळे स्वातंत्र्य आहे आणि पैसा नाही, अशी अवस्था झाली. मालमत्ता करावर नाममात्र ग्रंथालय उपकर बसवून तो थेट गावातल्या ग्रंथालयाला देण्याची मागणी आपण सर्वांनी लावून धरायला हवी. पण ती मान्य होईपर्यंत आपल्या गावातलं आठ वर्षांचं मूल अठरा वर्षांचं होईल. त्याच्यासाठी थांबता येत नाही.

'आमच्या गावात राजकारण फार आहे'

सगळ्याच गावांत आहे. ते थांबवता येत नाही, पण त्याला दाराबाहेर ठेवण्याची साधनं कायद्यातच आहेत, ती वापरली जात नाहीत एवढंच. ग्रंथालयाच्या खोलीत कुठल्याही नेत्याचा वाढदिवसाचा फलक लागणार नाही, निवडणुकीच्या काळात तिथे बैठक होणार नाही, असा ठराव पहिल्याच सभेत इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. अध्यक्ष सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहणार नाही, हे घटनेत घालावं. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी घ्यावी आणि सनदी लेखापालाने तपासलेला हिशेब ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावा, कुणी मागण्याआधी.

आणि कार्यकारी मंडळ बदललं की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा. जुने कोण गेले, नवे कोण आले, याची ही नोंद कायद्यानुसार नव्वद दिवसांत करायची असते. बहुतेक संस्था ती पुढे ढकलतात. मग दहा वर्षांनी वाद उभा राहतो, तेव्हा सरकारी कागदावर मयत माणसं विश्वस्त असतात, बँक खातं गोठवते आणि दोन्ही गट आपणच खरे कार्यकारी मंडळ असल्याचं सांगत तारखा घेत बसतात. निवडणुकीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले की दुसऱ्या दिवशी कार्यवाहांनी इतिवृत्ताची प्रत, नव्या सदस्यांची संमतीपत्रं आणि जुन्यांचे राजीनामे एका फाइलला लावून वकिलाकडे द्यावेत. अर्ज दाखल झाल्याची पोच घेऊन ती दाखल नोंदवहीच्याच कपाटात ठेवावी.